ग्रामसभा गेली, क्षेत्रसभा आलीच नाही

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि प्रदीर्घ काळ ओस पडलेली सभागृहे पुन्हा भरण्याची वेळ आली. मुंबई, पुणे व नागपूर येथील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. नवी मुंबई, कोल्हापूर आणि त्या वेळचे औरंगाबाद येथील मुदत तर २०२० सालीच संपलेली होती. पालिकेची मुदत पाच वर्षांची असेल, त्याहून अधिक असणार नाही आणि ती संपण्यापूर्वी पुढील निवडणूक पार पडली पाहिजे, असे राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेले आहे. तरीही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतील वारंवारचे फेरबदल आणि न्यायालयीन तारखा यांच्या गुंत्यात चार ते सहा वर्षे निघून गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कोठे चक्रे हलली.

या काळात शहरे बंद पडली नाहीत. कचरा उचलला गेला, नळाला पाणी आले, रस्ते खोदले गेले आणि क्वचित बुजविलेही गेले. त्यामुळे 'नगरसेवक नव्हते तर काय बिघडले?' असा प्रश्न सुशिक्षित वर्गात सर्रास विचारला जाऊ लागला. हा प्रश्न वरवर पाहता निरुपद्रवी वाटतो. पण त्याच्या पोटात एक मोठा धोका दडलेला आहे. कारण लोकनियुक्त सभागृहाचे प्रयोजन कचरा उचलणे हे नाही. ते काम प्रशासनाचेच आहे. नागरिकांना काय हवे, काय सोसवत नाही आणि कशावर पैसा खर्च व्हावा, हे ऐकून घेऊन त्याला अधिकृत शब्दरूप देणे हे सभागृहाचे काम होय. तेव्हा आज निवडणुका झाल्यानंतरही खरा प्रश्न शिल्लक राहतोच. शहरातील सामान्य रहिवाशाने आपले गाऱ्हाणे आपल्या प्रतिनिधीपर्यंत न्यायचे तरी कसे?

तेवीस गावांचा धडा

या प्रश्नाचे गांभीर्य समजून घ्यावयाचे असेल, तर पुण्याच्या भोवतालच्या गावांकडे पाहावे. २०१७ साली अकरा गावे आणि ३० जून २०२१ रोजी आणखी तेवीस गावे पुणे महापालिकेत समाविष्ट करण्यात आली. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, नांदोशी, सूस, म्हाळुंगे, वाघोली ही त्यांपैकी काही नावे. समावेशाच्या क्षणी त्यांच्या ग्रामपंचायती संपुष्टात आल्या. पंचायतीबरोबरच ग्रामसभाही संपली.

ग्रामसभा ही आदर्श संस्था होती, असे कोणी म्हणणार नाही. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या, गटबाजीने गाजलेल्या आणि इतिवृत्तातच भरलेल्या ग्रामसभा महाराष्ट्राने पुष्कळ पाहिल्या आहेत. परंतु १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावच्या मतदाराला एक हक्क दिलेला होता. सरपंचासमोर उभे राहून हिशेब विचारण्याचा, पाण्याच्या टाकीबद्दल बोलण्याचा, आणि आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदविले जावे असा आग्रह धरण्याचा हा हक्क होता. गाव शहरात आले त्या दिवशी तो हक्क गेला. त्याच्या जागी नगरसेवक येणार होता. पण तेवीस गावांच्या समावेशानंतर अवघ्या साडेआठ महिन्यांत महापालिकेचीच मुदत संपली आणि त्या गावांतील मतदारांना आपला नगरसेवक निवडण्याची पहिली संधी जानेवारी २०२६ मध्ये मिळाली. म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षे ही माणसे ना गावकरी होती, ना खऱ्या अर्थाने नागरिक. त्यांना कर लागू झाला, प्रतिनिधी मिळाला नाही.

याच काळात, जानेवारी २०२५ मध्ये, सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराचा उद्रेक झाला. पुणे परिसरात दोनशेहून अधिक रुग्ण आढळले. काहींचा त्यात अंत झाला. नांदेड, किरकटवाडी व आसपासची गावे या उद्रेकाच्या केंद्रस्थानी होती आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. तेथील मोठ्या वस्तीला विहिरीचे पाणी निव्वळ निर्जंतुकीकरणावर भागवून पुरविले जात होते, ही गोष्ट तेव्हा साऱ्या शहराला कळली. नगरसेवक असता तर उद्रेक टळला असता, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु पाण्यासारखा जिवाशी गाठ असलेला प्रश्न वर्षानुवर्षे ज्या ठिकाणी मोठ्या आवाजात मांडला जावयाचा, ते ठिकाणच त्या लोकांकडून काढून घेण्यात आले होते, हे तर नाकारता येणार नाही. वैयक्तिक तक्रार करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. सार्वजनिक प्रश्न विचारण्याचा मार्ग मात्र उरला नव्हता.

पन्नास सह्यांचा प्रतिनिधी

गाऱ्हाणे मांडण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. किंबहुना, आधुनिक महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभच एका गाऱ्हाण्यातून झाला. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल पुण्यातील लोकांच्या तक्रारी होत्या. त्या सरकारदरबारी मांडण्याच्या निमित्ताने जी मंडळी एकत्र आली, त्यांतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मास आली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे प्रवर्तक. या सभेचा एक नियम आजही विचार करावा असा आहे. जो कोणी सभासद होऊ इच्छील, त्याने किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. मतदानाचा हक्क कोणालाच नसलेल्या त्या काळात, 'तू कोणाच्या वतीने बोलतोस?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी त्या मंडळींनी स्वतःवर घेतली होती.

मुंबईची कथाही अशीच आहे. १८६५ च्या कायद्याने शहराचा सारा कारभार एका आयुक्ताच्या हाती आला. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त कर्तबगार होते, यात शंका नाही. पण त्यांच्या सढळ खर्चाने करदाते हैराण झाले आणि १८७१ मध्ये त्यांनी सभा घेऊन चळवळ उभारली. त्या वेळी तरुण फिरोजशहा मेहता यांनी मांडलेला मुद्दा मार्मिक होता. दोष एका व्यक्तीचा नसून पद्धतीचा आहे, आणि त्यावरचा उपाय करदात्यांना प्रतिनिधित्व देणे हाच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली आणि तिच्यातील निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. दीडशे वर्षांनंतर त्याच शहरात २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांचे अर्थसंकल्प सभागृहाविना मंजूर झाले. शेवटचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. प्रशासनाने मांडावा आणि प्रशासकाने मंजूर करावा, अशी ती व्यवस्था होती. १८७१ च्या करदात्यांना ती ओळखीची वाटली असती.

निवडून न येताही सभागृहात लोकांचा आवाज उठविता येतो, हे महात्मा फुल्यांनी दाखवून दिले. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला आणि तो शिक्षणाकडे वळवावा असा आग्रह धरला. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण विरोधाची नोंद राहिली आणि आजही ती सांगितली जाते. सभागृहाचे महत्त्व नेमके येथेच आहे. हरलेला युक्तिवादही तेथे नोंदला जातो.

आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळात गोरेगावच्या मृणाल गोरे यांचे उदाहरण आहे. उपनगरातील वस्त्यांत पाण्याची टंचाई होती. ज्या स्त्रियांनी रात्र-रात्र नळाशी काढली, त्यांना घेऊनच त्या कचेऱ्यांवर गेल्या आणि १९६१ साली महापालिकेवर निवडून आल्या. 'पाणीवाली बाई' ही पदवी त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिली नव्हती. १९७२-७३ च्या महागाईविरोधी आंदोलनात अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि त्यांच्याबरोबर हातात लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या गृहिणींनी सत्ताधाऱ्यांना जे सांगितले, ते कोणत्याही निवेदनापेक्षा स्पष्ट होते. या साऱ्या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. गाऱ्हाणे एकट्याचे होते तोवर ते गाऱ्हाणेच राहिले. चारचौघांत मांडले गेले तेव्हा त्याचा सार्वजनिक प्रश्न झाला.

निकाली निघणे आणि सुटणे

आज नेमका उलट प्रवास चालू आहे. सार्वजनिक प्रश्नाचे पुन्हा खाजगी तक्रारीत रूपांतर होत आहे. महापालिकांनी दूरध्वनी क्रमांक दिले, मोबाइलवरील ॲप दिली. राज्य सरकारने २०१५ मध्ये 'आपले सरकार' ही व्यवस्था सुरू केली. या सोयी मोलाच्या आहेत. त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. झाकण नसलेल्या गटाराची माहिती रात्री दहा वाजता देता येते, ही सुधारणाच म्हटली पाहिजे. परंतु या व्यवस्थेचे एक अंगभूत वैशिष्ट्य आहे. तिच्यात प्रत्येक नागरिक एकटा असतो. त्याला एक क्रमांक मिळतो आणि काही दिवसांनी 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश येतो.

कचेरीत हयात घालविलेल्या कोणत्याही लिपिकाला 'निकाली निघणे' आणि 'सुटणे' यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. 'दप्तरी दाखल' या दोन शब्दांखाली किती प्रश्न चिरनिद्रा घेत आहेत, हे त्याला ठाऊक असते. शाळेच्या फाटकासमोर पदपथ नाही, म्हणून मुले रस्त्यावरून चालतात, अशी तक्रार एखाद्या शिक्षकाने केली, तर फार तर तेथील एखादा खड्डा बुजविला जाईल. पदपथ का नाही, रस्त्याच्या आखणीत तो होता की नव्हता, असल्यास त्याचा पैसा कोठे गेला, आणि उड्डाणपुलासाठी पैसा असताना पदपथासाठी का नसावा, हे प्रश्न तक्रारीच्या रकान्यात मावतच नाहीत. यंत्रणा बिघाडाची दखल घेते, धोरणाची घेत नाही. धोरण बदलण्याची जागा सभागृह ही आहे आणि तेथपर्यंत पोहोचणारा जिना मधल्यामध्ये तुटलेला आहे.

लोकशाही दिनाची अवस्था फारशी निराळी नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्तांच्या पातळीवर तो भरतो. विहित नमुना, पंधरा दिवस आधी अर्ज, वैयक्तिक स्वरूपाचेच गाऱ्हाणे, अशा त्याच्या अटी आहेत. वैयक्तिक गाऱ्हाण्याला हा मंच उपयुक्त ठरतोही. पण ज्या दिवसाला लोकशाहीचे नाव दिले, त्या दिवशी लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी नव्हे, तर अधिकारी समोर बसतो, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

मग नगरसेवकाचे काय? तो असतो तेव्हा त्याच्याशी संबंध कसा असतो? बहुधा ओळखीचा. तुंबलेले गटार, दाखला, शाळेतला प्रवेश, पोलीस ठाण्यातला एक फोन, अशा कामांसाठी लोक त्याच्याकडे जातात. तोही ती कामे आनंदाने करतो, कारण त्यांतूनच मते मिळतात. प्रभागातील निधीतून बाके, नामफलक, कमानी आणि पेव्हर ब्लॉक यांची पेरणी होते. पुण्यात अशा कामांच्या तरतुदीला 'स' यादी हे नावच पडलेले आहे. चौकाचौकांत 'कार्यसम्राट' झळकतात. या देवघेवीत दोन्ही पक्ष संतुष्ट असतात. उपेक्षित राहतो तो सभागृहातील प्रश्न. नगरसेवकाला मुकादमाचे काम सांगितले की तो मुकादमच होतो. मग अर्थसंकल्पावर तो अभ्यास करून का बोलला नाही, अशी तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

कायदा आहे, सभा नाही

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राने त्या स्थापन केल्याही, आणि त्यांवर स्वयंसेवी व वस्तीपातळीवरील संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद केली. परंतु अनेक प्रभाग मिळून एक समिती, अशी रचना असल्याने ती नागरिकाच्या दारापर्यंत आली नाही. संस्थांच्या नावाखाली पक्षकार्यकर्त्यांची वर्णी लावली जाते, ही तक्रारही जुनीच आहे.

या त्रुटीवर उतारा म्हणून २००९ साली राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, त्यातील सर्व मतदार हे सभासद, आणि नगरसेवक हा अध्यक्ष, अशी ही कल्पना होती. कामे सुचवावीत, त्यांचा क्रम ठरवावा, पाणी-दिवे-स्वच्छता यांतील उणिवा दाखवाव्यात, हे तिचे काम. थोडक्यात, जी ग्रामसभा गावातल्या माणसाला होती, तिचे शहरी रूप. केंद्र सरकारच्या आदर्श मसुद्यात प्रत्येक भागासाठी मतदारांचा स्वतंत्र प्रतिनिधी सुचविला होता. महाराष्ट्राने तो गाळून नगरसेवकालाच अध्यक्ष केले. तेवढ्याने का होईना, सभा भरल्या असत्या तर पुष्कळ झाले असते. प्रत्यक्षात ही तरतूद बहुतेक शहरांत कायद्याच्या पुस्तकातच राहिली. ज्यांनी सभा बोलवावयाची त्यांना ती गैरसोयीची होती, आणि ज्यांच्यासाठी बोलवावयाची त्यांना तिचे नावही ठाऊक नव्हते.

पुण्याने आणखी एक चांगला प्रयोग केला होता. २००६-०७ पासून नागरिकांकडून आपल्या भागातील पाच लाख रुपयांपर्यंतची कामे अर्थसंकल्पासाठी सुचविण्याची पद्धत तेथे सुरू झाली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये घालून दिलेल्या वाटेवरचे हे पाऊल होते. परंतु पोर्तो अलेग्रेत लोक सभेत जमून, वाद घालून, क्रम ठरवीत. आपल्याकडे फॉर्म भरून द्यावयाचा. सूचना का स्वीकारली वा नाकारली, हे सुचविणाऱ्याला बहुधा कळतच नाही. उत्साही माणूस दोन वर्षे फॉर्म भरतो, तिसऱ्या वर्षी कंटाळतो.

त्यात भर पडली ती बहुसदस्यीय प्रभागांची. पुण्यात २००७ मध्ये एका प्रभागात एक, २०१२ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये चार नगरसेवक झाले. २०२६ च्या निवडणुकीत ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडावयाचे होते. मुंबईत मात्र २२७ प्रभागांत प्रत्येकी एकच. एकाच राज्यात दोन न्याय का, याचे तात्त्विक समर्थन कोणी केलेले नाही. सत्ताधाऱ्यांची सोय हेच त्याचे उघड कारण दिसते. चार प्रतिनिधी असूनही आपला प्रतिनिधी कोणता, हे सांगता येत नाही, अशी मतदाराची अवस्था आहे. श्रेय घेताना चौघेही पुढे असतात. उत्तर देण्याची वेळ आली, की प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे पाहतो.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, सभा म्हणजे गोंधळ. तेथे मोठ्या आवाजाची माणसे बोलणार, शहाणी माणसे घरी बसणार. आक्षेपात तथ्य आहे. परंतु सभा नसते तेव्हाही मोठा आवाज असलेलाच माणूस ऐकला जातो. फक्त तो बंद दाराआड ऐकला जातो. बांधकाम व्यावसायिकाला वा ठेकेदाराला क्षेत्रसभेची गरज कधी भासत नाही. ती गरज भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, झोपडपट्टीतील स्त्रीला आणि बसच्या रांगेत तासभर उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याला असते.

दुसरा आक्षेप असा की, नगरसेवक भ्रष्ट असतात, त्यापेक्षा कर्तबगार अधिकारी बरा. पण अधिकारी चांगला की वाईट, हे नागरिकांनी ठरविलेले नसते, आणि तो वाईट निघाल्यास त्याला बदलणेही त्यांच्या हाती नसते. भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी पाठविता येते. अर्थात नागरिक मतदानाला गेले तर. मुंबईत २०१७ च्या निवडणुकीत सुमारे ५५ टक्के मतदान झाले होते आणि तेही आधीच्या तुलनेने उत्साहाचे मानले गेले. प्रतिनिधी ऐकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या वर्गाने या आकड्याकडेही एकदा पाहावे.

काय करता येईल?

उपाय नवे शोधावयाचे नाहीत. जे लिहिलेले आहेत ते अमलात आणावयाचे आहेत. नव्या सभागृहांनी पहिल्या वर्षातच प्रत्येक भागाच्या क्षेत्रसभेचे वेळापत्रक जाहीर करावे. चार सदस्यांच्या प्रभागात अध्यक्ष कोण, ही अडचण पुढे केली जाईल. पाळीपाळीने अध्यक्षपद देऊन ती चुटकीसरशी सुटू शकते. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता न घेता रविवारी वा सायंकाळी आणि पालिकेच्या शाळेत घ्याव्यात. प्रत्येक सभेचे इतिवृत्त मराठीत लिहून फलकावर लावावे आणि मागील सभेतील मागण्यांचे काय झाले, हे पुढील सभेत वाचून दाखवावे. एवढी एक प्रथा पडली, तरी निम्मे काम झाले असे समजावे.

प्रभाग समितीच्या बैठकीत नागरिकांच्या प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. अर्थसंकल्पासाठी आलेल्या सूचनांपैकी कोणत्या स्वीकारल्या व कोणत्या का नाकारल्या, याची यादी प्रसिद्ध करण्यासही नाही. आणि समाविष्ट गावांच्या बाबतीत राज्य सरकारने एक तत्त्व मान्य करावे. ज्या दिवशी ग्रामपंचायत बरखास्त होते, त्याच दिवसापासून त्या गावाची क्षेत्रसभा अस्तित्वात आली पाहिजे, मग नगरसेवक निवडून आलेला असो वा नसो. हक्कांत खंड पडता कामा नये.

नागरिकांच्या बाजूनेही थोडी शिस्त हवी. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे इंग्रजी येत नाही म्हणून कोणी गप्प बसण्याचे कारण नाही. पण निवेदन कोणाकडे द्यावयाचे, हे माहीत असले पाहिजे. गल्लीतील दिव्यासाठी खासदाराला आणि रेल्वेच्या फाटकासाठी नगरसेवकाला साकडे घातल्याने दोघांनाही हात झटकण्याची सोय होते. निवेदन एका विषयावर असावे, त्यात तारखा व स्थळे असावीत, मागणी एका वाक्यात सांगता यावी, पोच घेतलेली असावी आणि उत्तरासाठी मुदत मागितलेली असावी. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराखाली त्या कागदाचे पुढे काय झाले, हे विचारावे. २००२ साली राज्याने व २००५ साली देशाने दिलेल्या या अधिकाराचा याहून साधा उपयोग दुसरा नाही. अर्थसंकल्पावरची मागणी जानेवारी-फेब्रुवारीत प्रशासनाचे अंदाजपत्रक मांडले जाण्यापूर्वी करावी. मे महिन्यात केलेली मागणी ही पुढल्या वर्षाची असते.

मुख्य म्हणजे निवेदनावर एकापेक्षा अधिक सह्या असाव्यात. या बाबतीत शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी यांच्यावर विशेष जबाबदारी येते. ज्यांना अर्ज लिहिता येतो, नियम वाचता येतो आणि कागद कोणत्या टेबलावर अडला हे ओळखता येते, असा हा वर्ग आहे. आपल्या बदलीचा, वेतनश्रेणीचा वा गुणपत्रिकेचा अर्ज तो बिनचूक लिहितो. तीच विद्या त्याने शेजारच्या वस्तीतील पाण्यासाठी वापरली, तर त्या वस्तीला मोर्चा काढण्याची पाळी येणार नाही. आणि मोर्चा काढावाच लागला, तर त्याच्या अग्रभागी लिहिलेले निवेदन असेल.

१८७० साली पुण्यातील मंडळींनी पन्नास सह्या आणल्याशिवाय कोणाला बोलू दिले नाही. आज प्रत्येक नगरसेवकापाशी हजारो मते आहेत. पण निवडून आल्यानंतर त्या मतदारांसमोर सभेत उभे राहून त्याने आपला हिशेब दिला आहे काय, हा प्रश्न त्याला विचारलाच जात नाही. नव्या सभागृहांच्या कारकिर्दीची कसोटी किती उड्डाणपूल बांधले यावर लागणार नाही. किरकटवाडीच्या वा वाघोलीच्या रहिवाशाला, ज्याची ग्रामसभा गेली, त्याला उभे राहून बोलण्याची जागा परत मिळाली की नाही, यावरच ती लागेल.